वरच्या डाव्या भोकातला बुश

मालकांच्या थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षी माझा जन्म झाला. बातमीचा फोन आला तेव्हा मी लेथवर अर्धवट कापलेला होतो. टर्नरने यंत्र थांबवलं, हात पुसले आणि तो बाकीच्यांबरोबर चहा प्यायला गेला. मी तसाच चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यात, अडकून राहिलो. परत येऊन त्याने यंत्र सुरू केलं तेव्हा माझ्या कडेला एक बारीक रेघ उमटली. ती अजून आहे.

मित्रांनो, मी एक जुना पोलादी बुश आहे. तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढा. मला आतून आटे आहेत आणि बाहेरूनही आटे आहेत. आटे म्हणजे बाटलीच्या तोंडाशी असतात तसे फिरते कंगोरे. बाहेरच्या आट्यांनी मी धातूच्या ठोकळ्यात घट्ट बसतो, आणि माझ्या आतल्या आट्यांत बोल्ट येऊन बसतो. कागदावर मला इन्सर्ट म्हणतात. वर्कशॉपमध्ये सगळे बुशच म्हणायचे.

माझी गरज का पडते, ते आधी सांगतो. ॲल्युमिनियम हलकं असतं, गंजत नाही, दिसायलाही बरं. पण ते मऊ असतं. त्यात थेट आटे पाडले आणि पोलादी बोल्ट दहादा आत-बाहेर केला, की आटे मरतात. मग बोल्ट नुसता गरगर फिरतो, धरत काहीच नाही. म्हणून ॲल्युमिनियमला मोठं भोक पाडून त्यात मला बसवतात. माझा बाहेरचा घेर बोल्टपेक्षा मोठा, त्यामुळे मी जास्त धातूला धरून बसतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझी ताकद माझ्या पोलादात नसते. मला धरणाऱ्या मऊ धातूत असते. तो जितकं सोसेल तितकंच मी सोसणार.

आमचं वर्कशॉप घराच्या तळमजल्यावर होतं. वर मालक राहत. मालकांची बायको, म्हणजे घरची सून, लग्नाआधी एका मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होती. आता ती घरच्याच वर्कशॉपचे आराखडे आणि हिशोब करी, जेवणाच्या टेबलावर, पेन्सिलीने. मालकांच्या आईला घरातले आणि वर्कशॉपमधले सगळेच आई म्हणत. आणि आईंचा धाकटा भाऊ आमचा फिटर होता. जोडणीचं सगळं काम त्यांच्या हाताखालून जाई. त्यांना सगळे मामा म्हणत. फक्त आई त्यांना बारक्या म्हणायच्या. बारक्याचे केस पांढरे झाले होते आणि गुडघे कुरकुरत होते, तरी बारक्याच.

पाठीच्या दुखण्यात आईंचे पाय गेले. कमरेखाली काही कळेना. जीभ मात्र शाबूत होती. पलंगावरून त्यांना छत आणि पंखा एवढंच दिसे. खिडकीपाशी एक खुर्ची होती आणि खिडकीतून समोरचं चष्म्याचं दुकान दिसे. तिथे लोक नवी फ्रेम लावून आरशासमोर तोंडं करतात. कुणी भुवया उंचावतो, कुणी गाल फुगवतो, कुणी उगाचच गंभीर होऊन पाहतो. आईंना ते बघायला फार आवडे. पण पलंगावरून खुर्चीपर्यंत जाणार कसं? मालक खांद्याकडून धरायचे, मामा पायांकडून.

"दोघं मिळून मला जिन्यावरून कपाट नेल्यासारखी नेतात," आई म्हणायच्या. "परवा तर बारक्या म्हणाला, 'जरा तिरकी कर, खुर्चीत अडकेल.' मी काय तिरकी होऊ?"

"ताई, तू तिरकी नाही झालीस, म्हणून माझी कंबर तिरकी झाली," मामा म्हणायचे.

त्या हसत, पण नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एकदा त्यांनी सांगूनच टाकलं, की मला आता खुर्चीत न्यायचं नाही. कुणी उचललेलं मला सोसत नाही. छत बघत पडेन.

तिथून आमच्या यंत्राची सुरुवात झाली.

यंत्र साधं होतं. पलंगाशेजारी जमिनीपासून छतापर्यंत एक पोलादी खांब. खांबाला ॲल्युमिनियमचा एक ठोकळा, दाराच्या बिजागरीसारखा खांबाभोवती फिरणारा. ठोकळ्याला पोलादी पाटी, पाटीला पुढे निघालेला लांब हात, हाताच्या टोकाला कापडी झोळी. आई झोळीत बसणार, कळ फिरवली की वर उचलल्या जाणार, हात फिरणार आणि त्या खिडकीपाशी उतरणार. कळ त्यांच्या स्वतःच्या हातात. कुणी खांद्याला धरायचं नाही, कुणी पायाला धरायचं नाही.

ठोकळा आणि पाटी यांना चार बोल्टांनी एकत्र बांधलं होतं. वर दोन, खाली दोन. चार बोल्टांसाठी आम्ही चार बुश. मी वरच्या डाव्या भोकातला.

हिशोब करायला बसली तेव्हा सुनेने टेबल आईंच्या पलंगाजवळ ओढून घेतलं.

"माझं ओझं त्या बोल्टांना कळणार कसं ग?" आईंनी विचारलं. "मी लटकणार त्या टोकाला. ते बिचारे इकडे खांबापाशी."

"आई, हा पाण्याचा जग घ्या. हात सरळ पुढे करून धरा."

आईंनी धरला. थोड्या वेळाने हात थरथरू लागला.

"दुखतंय कुठे?"

"खांद्यात. जग बोटांत आहे आणि दुखतोय खांदा."

"तेच. खांदा म्हणजे वरचे दोन बोल्ट."

मग तिने सांगितलं ते असं. यंत्राचा हात सहा विती लांब आहे. पाटीच्या खालच्या कडेपासून वरचे बोल्ट एक वीत उंच आहेत. पाटी खालच्या कडेवर टेकून पुढे कलायला बघणार आणि वरचे बोल्ट तिला मागे ओढून धरणार. सहाला एक, म्हणून ओढही सहापट. आई ऐंशी किलो.

"अठ्ठ्याहत्तर," आई म्हणाल्या.

"ऐंशी धरू या. ऐंशी सक चारशे ऐंशी. दोन बोल्टांत वाटले तर प्रत्येकी दोनशे चाळीस. झोळीला हिसका बसू शकतो, म्हणून दुप्पट. पुन्हा चारशे ऐंशी, पण आता एकेका बोल्टावर."

मामा दारात उभे राहून ऐकत होते. "पाचशेच किलो? हा बोल्ट तर छोटा हत्ती पेलेल."

"बोल्ट पेलेल, मामा. प्रश्न बोल्टाचा नाही, बुशभोवतीच्या धातूचा आहे." तिने पेन्सिलीने मला काढलं, माझ्याभोवती गोल काढला आणि तो गोल माझ्या लांबीइतका खोल आहे असं दाखवलं. "बुश बाहेर ओढला गेला, तर एवढा धातू कापून त्याला यावं लागेल. हा धातू साधारण तीन हजार किलोपर्यंत सोसतो."

मग अजून एक गोष्ट. बोल्ट नुसता अडकवून चालत नाही, आवळावा लागतो. का, तर आवळलेला बोल्ट दोन भागांना एकमेकांवर दाबून ठेवतो. दाब ओझ्यापेक्षा बराच जास्त असला, की ओझं आलं-गेलं तरी भागांमध्ये फट पडत नाही आणि बोल्टाला ओझं फारसं जाणवतच नाही. ढिल्या बोल्टाला मात्र प्रत्येक हिसका लागतो आणि तो झिजत जातो. म्हणून तिने ठरवलं, की ओझ्याच्या चौपट आवळायचं. जवळजवळ दोन हजार किलोची ओढ. धातू सोसणार तीन हजार. दीडपट राखीव. तेवढी ओढ यायला टॉर्क पान्यावर कोणता आकडा लावायचा, तेही तिने काढून दिलं. टॉर्क पाना म्हणजे ठरावीक जोर झाला की 'टक्' करणारा पाना.

हिशोब बरोबर होता. मी त्यात होतो म्हणून म्हणत नाही. नंतर तो पुष्कळदा तपासला गेला आणि दर वेळी बरोबरच निघाला.

मामांनी आम्हाला बसवलं. त्यांचा हातही बरोबर होता. भोक स्वच्छ, आटे सरळ, मला आत फिरवून कडेच्या नखभर खाली नेऊन थांबवलं, म्हणजे पाटी माझ्यावर न टेकता ठोकळ्यावर टेकावी. मग त्यांनी बोल्ट उचलला आणि लांब चोचीची तेलाची कुपी उचलली. बोल्टाच्या आट्यांवर एक थेंब, टोपीखाली एक थेंब. मामांच्या वस्तादाची ही रीत होती. 'कोरडा बोल्ट बसवणं म्हणजे दारी आलेल्याला पाणीही न विचारणं,' असं तो म्हणायचा. मामांच्या हातून आयुष्यात एकही बोल्ट कोरडा गेला नव्हता. हे ते कुणाला सांगत नसत. हात धुऊन जेवतो असं कुणी सांगत फिरतं का?

पाना टक् वाजला. चारही बोल्टांवर.

आई झोळीत बसल्या, कळ फिरवली, वर उचलल्या गेल्या आणि हवेत जराशा फिरल्या. "अरे, उडतेय मी," म्हणाल्या. खिडकीपाशी उतरून त्या संध्याकाळपर्यंत तिथेच बसल्या. चष्म्याच्या दुकानात कुणी पोट्टा काळा चष्मा लावून स्वतःला सलाम करत होता म्हणे. त्या दिवशी घरात दुसरी गोष्ट झाली नाही. येईल त्याला यंत्र दाखवलं जाई. शेजारी येत, हात लावून बघत, ठोकळ्यावर टिचकी मारत. मला कुणी पाहिलं नाही. पाटीखाली झाकलेला बुश कुणाला दिसत नाही, आणि दिसू नये हेच बरं.

पुढे मामा दर आठवड्याला वर येत. बहिणीचं यंत्र, काळजी तर असणारच. ते एकेक बोल्ट सोडवत, पुसत, दोन थेंब तेल देत, आणि टक् होईपर्यंत पुन्हा आवळत. "जरासं बसलं होतं, घेतलं आवळून," असं खाली येऊन सांगत. पाना प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा अंमळ जास्त फिरे. मामांना वाटे, नवीन वस्तू आहे, बसतेय. बसत काही नव्हतं. मी भोकातून बाहेर येत होतो.

आता ऐका, काय होत होतं ते. पाना फिरवायला जो जोर लागतो, त्यातला बराचसा आट्यांच्या घासण्यात खर्च होतो. उरलेला बोल्टाला ताणतो. सुनेने हिशोब कोरड्या बोल्टाचा धरला होता. तेल लागलं की घासणं कमी. मग तोच पाना, तोच आकडा, तोच टक्, पण ताणायला उरलेला जोर दीडपट. दोन हजारांच्या जागी तीन हजार. राखून ठेवलेलं सगळं त्या दोन थेंबांनी खाल्लं. मला धरलेला मऊ धातू ताणला जाऊन ढिला पडला. ढिला पडला की मामा पुन्हा तेल देऊन आवळत, म्हणजे त्याला आणखी बाहेर ओढत. ते जितकी काळजी घेत, तितका मी सुटत होतो.

शेवटी माझी कड पाटीला टेकली. हे सगळ्यात वाईट. आता बोल्ट पाटीला माझ्यावर आवळत होता, ठोकळ्यावर नव्हे. पाना लावला की टक् वाजे. बोल्ट घट्ट लागे. पण ठोकळा आणि पाटी एकमेकांना धरून नव्हते.

हे पहिल्यांदा आईंना कळलं. बोल्टांमुळे नाही, टाचेमुळे. झोळी पलंगावरून फिरताना खुर्चीच्या पायठेवणीवरून त्यांची टाच जेमतेम सुटायची. एक दिवस त्यांनी पाहिलं, की टाच लाकडाला घासली. पायाला काही कळत नव्हतं, पण मोजा अडकून मागे राहिला.

"यंत्र खाली आलंय," त्या म्हणाल्या.

"आई, झोळीचं कापड ताणलं असेल," मालक म्हणाले.

"नाहीतर तुझं वजन वाढलं असेल, ताई," मामा म्हणाले. "दिवसभर बसून खातेस, लोकांची तोंडं बघतेस."

"माझं वजन वाढलं की मला कळतं. तुझी अक्कल घटली ती मात्र तुला कळत नाही."

मामांनी चारही बोल्टांना पाना लावला. टक्, टक्, टक्, टक्. "घे. दगडासारखे आहेत."

"मी चढणार नाही."

"अगं, हिशोब आहे, पाना आहे, मी आहे. आता अजून काय पाहिजे?"

"मी चढणार नाही, बारक्या. आणि मला उचलायचंही नाही."

झोळी रिकामी लटकत राहिली. आई पुन्हा छताकडे बघत पडल्या. त्यांना यंत्राची भीती वाटली हे तर खरंच, पण त्याहून त्यांना हे लागलं होतं, की त्यांनी सांगितलेलं कुणी धरलं नाही.

सुनेने धरलं. तिने सगळा हिशोब पहिल्यापासून केला. पुन्हा तेच उत्तर आलं. वजन ऐंशीऐवजी नव्वद धरलं, तरी भागत होतं. मग ती खाली वर्कशॉपमध्ये आली आणि मामांसमोर स्टुलावर बसली.

"मामा, मला बोल्ट लावून दाखवा. कुठलाही. तुम्ही रोज लावता तस्सा."

"माझी परीक्षा घेतेस, सूनबाई?"

"नाही हो. माझीच घेतेय. मी कागदावर बोल्ट लावला, तो कसा लावला जातो ते कधी पाहिलंच नाही."

मामांनी एक बोल्ट उचलला. पुसला. कुपी उचलली. एक थेंब आट्यांवर, एक टोपीखाली.

"थांबा. हे काय?"

"काय म्हणजे?"

"हे तेल."

"तेलच आहे. मध नाहीये."

"दर वेळी लावता?"

"न लावता कसा लावतात बोल्ट?" मामांनी अगदी मनापासून विचारलं.

तिने पेन्सिलीने बाकावरच एक भागाकार केला आणि खाली रेघ मारली. मग मालकांना हाक मारली.

शेजारी बांधकाम चालू होतं. तिथून वाळूची पोती आणली. आईंचा पलंग पलीकडच्या भिंतीला सरकवला. आईंनी तोंड इकडे करून ठेवायला सांगितलं. आधी ऐंशी किलोची पोती टांगली. सुनेने एक कागद घेतला आणि पाटीच्या वरच्या कडेमागे, जिथे पाटी ठोकळ्याला चिकटून असायला हवी होती, तिथे सरकवला. कागद आत गेला. दाराखालून चिठ्ठी सरकवावी इतक्या सहज गेला.

मामांनी तो कागद बाहेर ओढला, पुन्हा आत घातला. पुन्हा बाहेर ओढला.

"पुरे, उतरवू या," मालक म्हणाले.

"नाही," मामा म्हणाले. "अजून घाला. हिशोबात दुप्पट होतं ना? दुप्पट घाला."

दुप्पट झालं तेव्हा मी बाहेर आलो. आवाज फार मोठा झाला नाही. ॲल्युमिनियम सुटताना ओरडत नाही, कापड फाटल्यासारखा आवाज येतो. मी, माझा बोल्ट, आणि माझ्या बाहेरच्या आट्यांत गुंडाळलेली चकचकीत धातूची वेटोळी, असे आम्ही एकत्र निघालो. पाठोपाठ उजव्या भोकातला निघाला. हात खाली वाकला आणि पोती पडली. जिथे पलंग असायचा तिथली फरशी मधोमध फुटली.

धूळ खाली बसली.

"बारक्या," आई म्हणाल्या, "ती फरशी मला कधी आवडलीच नव्हती."

मामा हसले नाहीत. जिना उतरून गेले. मला मालकांनी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

पुढे बरेच दिवस मामा वर आले नाहीत. वर्कशॉपमध्ये येत, काम करत, घरी जात. तेलाची कुपी त्यांनी फडताळाच्या मागे टाकली होती. बोल्ट लावायची वेळ आली की दुसऱ्या कुणाला लावायला सांगत. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणत. सख्ख्या बहिणीला आपण आपल्या हातांनी दर आठवड्याला थोडं थोडं पाडत होतो, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

आईंनी निरोप धाडला. "त्याला म्हणावं, कपाट न्यायला दोन माणसं लागतात. एक कमी पडतोय."

मामा आले. दारातच उभे राहिले.

"आजपासून तेलाला हात लावणार नाही," ते म्हणाले.

"तसं करू नका," सून म्हणाली. "कोरडा बोल्ट एकदा एवढा ओढतो, एकदा तेवढा. त्याचा भरवसा नाही. तेलाचा बोल्ट निदान रोज एकसारखा वागतो. वस्तादांचं चुकलं नाही. तेल राहू दे, आपण पान्याचा आकडा उतरवू."

"मग चुकलं कुणाचं?"

"मी कोरडा धरला, तुम्ही ओला लावलात. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. आपण दोघं एकाच घरात, एकाच टेबलावर जेवतो, मामा."

"तुम्ही दोघं भांडत बसा," आई म्हणाल्या. "मी इथे छत पाठ केलंय. तिसऱ्या पट्टीला एक चीर आहे, ती माझ्या लग्नातल्या भटासारखी दिसते. मला खिडकीपाशी कधी नेताय ते सांगा."

नवा ठोकळा झाला. त्यात माझ्यापेक्षा दुप्पट लांब बुश बसवले, म्हणजे धरायला धातूही दुप्पट. बोल्टांना तेल लावलं, आणि पाना तेलाच्या हिशोबाने उतरवला. शेवटी सुनेने लाल रंगाचा बारीक ब्रश घेतला. प्रत्येक बोल्टाच्या टोपीवरून पाटीवर येईल अशी एक रेघ ओढली.

"ही रेघ आहे तशी सरळ असेल, तर बोल्ट हललेला नाही. मग त्याला पाना लावायचा नाही."

"मुळीच नाही?"

"मुळीच नाही. नुसतं बघायचं, आणि कागद घालून बघायचा."

मामांना हे फार जड गेलं. आयुष्यभर हाताला आवळायची सवय. पहिले काही आठवडे ते हात पाठीमागे बांधून यंत्रासमोर उभे राहत.

पण त्याआधी एक अडचण होती. पोती टांगून झाली, दुप्पट टांगून झाली, कागद आत गेला नाही, तरी आई चढेनात.

"आधी बारक्या बसेल," त्यांनी जाहीर केलं.

मामा झोळीत बसले. आईंनी पलंगावरूनच कळ हातात घेतली आणि फिरवली. मामा वर गेले. गुडघे छातीशी, हात कुठे ठेवावे ते कळेना.

"ताई, खाली घे."

"कसं वाटतंय?"

"कपाट झाल्यासारखं वाटतंय."

"बघ आता," आई म्हणाल्या, आणि त्यांना तसंच लटकत ठेवून म्हणाल्या, "बारक्या, मी यंत्र खाली आलंय म्हणाले, तेव्हा तू काय म्हणालास?"

मामांनी हवेतच झोळीची कड धरली. मग म्हणाले, "चुकलो, ताई."

त्यांना खाली घेतलं. त्याच दुपारी आई खिडकीपाशी गेल्या.

माझं काय झालं म्हणाल, तर माझे दिवस संपले होते. ओढला गेलेला बुश पुन्हा वापरत नाहीत. मी कट्ट्यावर धूळ खात पडलो होतो. एकदा आईंच्या डोक्यावरच्या दिव्याची दोरी हलकी असल्यामुळे वाऱ्याने उडून पंख्याकडे जाऊ लागली, तेव्हा त्यांनी मला मागून घेतलं. दोरी माझ्यातून ओवली आणि खाली गाठ मारली. तेव्हापासून मी त्या दोरीच्या टोकाला लोंबतो. पूर्वी माझ्यावर ओझं असे, आता मीच ओझं आहे. दिवा लावताना आईंची बोटं माझ्या आट्यांवरून फिरत. ॲल्युमिनियमचं एक चकचकीत वेटोळं अजून माझ्या बाहेरच्या आट्यांत अडकलेलं आहे. ते त्यांनी कुणाला काढू दिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, बागेतल्या झोपाळ्यात माझ्यासारखे पुष्कळ असतील. ते तुम्हाला दिसणार नाहीत. त्यांची काळजी घ्यायची म्हणजे रोज पाना घेऊन आवळत बसायचं नाही. आधी बघायचं. रेघ सरळ आहे का, फट पडली आहे का. जो त्या वस्तूत बसतो, तिच्यावर झोपतो, तिला धरून चालतो, तो काही म्हणाला तर ऐकायचं. आणि दोघांनी मिळून एक काम करायचं असेल, तर आपल्याला अगदी साधी वाटणारी गोष्टसुद्धा एकमेकांना सांगायची. मी एवढंच पाहिलं आहे, म्हणून एवढंच सांगतो.

ते यंत्र आईंना शेवटपर्यंत पुरलं. नंतर ते उतरवायची वेळ आली, तेव्हा मामांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चारही लाल रेघा जशा ओढल्या होत्या तशाच सरळ होत्या. मामांनी वरच्या डाव्या बोल्टाला पाना लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग फिरवला. रेघ तुटली. बोल्ट पुसून त्यांनी त्याला एक थेंब तेल दिलं आणि खिशात टाकला. जाताना त्यांनी मला ओढून दिवा बंद केला.

मालकांच्या बहिणीच्या त्या जुळ्यांचे दुधाचे दात पडू लागले त्या वर्षी, थंडी सरता सरता, एका दुपारी खिडकीपाशी खुर्चीतच आई गेल्या. जुळी मोठ्या शाळेत गेली त्या वर्षी मामा गेले.